मोठ्याने विचार करा

सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत मला कोड लिहायची भीती वाटत नाही. भीती वाटते ती 'थिंक अलाउड'ची. डोक्यात जे चाललंय ते बोलून दाखवायचं, म्हणे. माझ्या डोक्यात त्या वेळी 'मागे वाळत घातलेले कपडे कॅमेऱ्यात दिसतायत का' एवढंच चाललेलं असतं. ते सांगायची सोय नाही. मग "आता मी डावीकडे बघतो, आता उजवीकडे" असं रस्ता ओलांडायला शिकणाऱ्या पोरासारखं बोलत राहायचं. आपण बोलतो तेव्हा समोरचा ढिम्म. आपण गप्प झालो की त्याचा कीबोर्ड खडखडायला लागतो.

परवा बायनरी सर्च लिहायला सांगितला: क्रमाने लावलेल्या यादीत (तिला ॲरे म्हणतात) दर वेळी मधोमध बघायचं, अर्धा भाग सोडून द्यायचा, असं करत हवा तो आकडा शोधायचा. वेळ ४५ मिनिटं, त्यातली बरीचशी "आवाज येतोय ना?"मध्ये खर्ची पडलेली. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ सांगतात, की हा अल्गोरिदम पहिल्यांदा छापून आला १९४६ साली आणि बिनचूक छापून यायला १९६०चं दशक उजाडलं. एवढी मुदत मलाही चालली असती.

एडिटर असा, की उघडलेला कंससुद्धा आपणच बंद करायचा. तरी मी नेटाने लिहीत होतो. शोधायच्या भागाचा पहिला क्रमांक 'लो', शेवटचा 'हाय'; त्यांच्यावरून मधला काढायची ओळ मी वजाबाकी करून लिहिली आणि मुलाखत घेणाऱ्याचा कर्सर, त्याच्या नावाच्या हिरव्या पाटीसकट, त्या ओळीशी येऊन उभा राहिला. लुकलुकत.

"लो आणि हायची बेरीज करून सरळ दोनाने भागा की. वजाबाकी कशाला मध्येच?"

मी सांगितलं, की बेरीज २१४ कोटींच्या पुढे गेली की इंटमध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या ठरावीक मापाच्या जागेत, मावत नाही, उलटी ऋण होऊन बसते. जावा या भाषेच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या साठ्यात, हाच बग वर्षानुवर्षं होता. तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये तसं जाहीर केलं. (हे मी थिंक अलाउड केलं. मोठ्याने.)

"बरोबर आहे," तो म्हणाला, "पण आपला ॲरे दहाच आकड्यांचा आहे."

कीबोर्ड खडखडला.

शेवटी नेहमीचं, "तुम्हाला काही विचारायचंय?" मी विचारलं, "तुमच्या कामात बायनरी सर्च कुठे लिहावा लागतो?"

"छे, लिहितंय कोण! लायब्ररी आहे की."

पुढच्या फेरीला बोलावलंय. अख्खं यूट्यूब डिझाइन करायचंय. वेळ तेवढाच.