भाड्याच्या घराचा ताण आणि कागदपत्रे

घर भाड्याने देणाऱ्याने भावनेत न गुंतता केवळ व्यवहार पाहावा, हा सल्ला मला अर्धाच पटतो, कारण ज्याच्या एकुलत्या एक जादा फ्लॅटच्या भाड्यावर गृहकर्जाचा हप्ता अवलंबून आहे, त्याची दोन महिने भाडे थकताच झोप उडणारच. अशा मालकाला खरा आधार कागदपत्रांचा असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी शुल्क घेऊन जागा केवळ वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज आपल्याकडे उगाचच रुजला आहे. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर याच अधिनियमाच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा वादांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, दाद मागता येते आणि ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाईची तरतूदही आहे. अनामत रकमेचे वाद मात्र बहुधा क्षुल्लक गोष्टींवरून पेटतात. किल्ली देतानाच गीझर, नळ, भिंतींवरील ओल आणि वीजमीटरचे रीडिंग यांचे फोटो दोघांनी मिळून काढावेत आणि सामानाच्या यादीवर दोघांनीही सह्या कराव्यात. भाडेकरूलाही त्याने तितकेच निश्चिंत वाटते.