‘आधी अभ्यास करा’ म्हणणाऱ्या निपाणीच्या वाचकांस

नमस्कार. कोपऱ्यातल्या मत्स्यटाकीवरच्या माझ्या लेखाखाली तुमची तीन वाक्यं आहेत. गोल काचेत मासे वेडेवाकडे दिसतात. मागच्या कोपऱ्यात हात पोचत नाही, शेवाळ साचतं. आणि तिसरं, ‘लेखकाने आधी अभ्यास करावा, मग लोकांना खर्चात पाडावं.’

एक चूक कबूल. बाजू 60 सेंटिमीटर, उंची 45, म्हणून मी चौकोनी टाकीचा हिशोब धरून 162 लिटर लिहून मोकळा झालो. समोरची काच गोल म्हणजे पाव वर्तुळ. काठोकाठ 127 लिटर. दुरुस्त केलंय. ही चूक मलाच सापडली, तुमच्या नजरेतून सुटली, हे जाता जाता.

आता अभ्यास. बेळगावात शहापुरातल्या आमच्या जुन्या घरात, दहावीच्या सुट्टीत, मी दीड फुटाची टाकी आणून खिडकीखाली टीपॉयवर मांडली. उन्हानं आठवड्यात पाणी पोपटी झालं. टीपॉयचा एक पाय शहाबादी फरशीच्या सांध्यात डुगडुगायचा, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी सारली. पावसाळ्यात पुठ्ठा ओला होऊन दबला आणि तळाच्या काचेला कोपऱ्यापासून केसाएवढी चीर गेली. पहाटे आई ओरडली, “पाणी गळालंय की रे!” दोन एंजल मासे भाताच्या पातेल्यात टाकून मी फरशी पुसत बसलो. तेव्हापासून गवंड्याच्या पाणीनळीनं लेव्हल घेतल्याशिवाय मी टाकी मांडलेली नाही. ह्याला तुमच्या निपाणीत काय म्हणतात?

टिळकवाडीच्या घरात कोपरा धरला तोही ओझ्याचा विचार करून. 127 लिटर म्हणजे पाणीच 127 किलो. वाळू, काच, लोखंडी स्टँड वेगळं. पहिल्या मजल्यावर एवढं वजन स्लॅबच्या मधोमध कोण ठेवेल? दोन भिंती मिळतात तिथं ठेवलं. खिडकी लांब, प्लगचा बोर्ड हाताशी, काचेखाली थर्माकोल. राकसकोप जलाशयाचं असो की हिडकल धरणाचं, नळाचं पाणी क्लोरीन उडून जाईतो दिवसभर उघड्या बादलीत ठेवतो. आणि खर्चात पाडायला मला कुठल्या दुकानाचं कमिशन मिळत नाही. असं काही लिहिताना जरा जीभ आवरावी, साहेब. तुमच्या घरी टाकी आहे की नाही, हे मात्र तुम्ही कुठंच लिहिलेलं नाही!

मासे वाकडे दिसत असतील तर बाजूनं न डोकावता समोर बसून बघा. राहिलं शेवाळ. लांब दांड्याचा ब्रश मिळतो, मी तोच वापरतो. मागची शेवटची चार बोटं जागा तेवढी सुटते. तिथं बाहेरून काळा कागद चिकटवलाय. दिसत नाही.