चेतकचा प्रायमर आणि ‘चालशे’

सलग तिसऱ्या रविवारी मी बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या आमच्या घराच्या अंगणात बसून वडिलांच्या १९८९ सालच्या चेतक स्कूटरवरचा प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) खरवडतो आहे आणि माझी सहनशक्ती संपली आहे.

पहिल्या रविवारी पुढच्या मडगार्डवर पहिला हात मारला आणि चार-पाच मिनिटांत तो दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. खाली कधीकाळी ब्रशने फासलेला सिंथेटिक इनॅमल होता आणि वर मी एनसी (नायट्रोसेल्युलोज) प्रायमर मारला होता. एनसीचा थिनर जुन्या इनॅमलमध्ये मुरतो, त्याला फुगवतो आणि पत्र्यापासून उचलतो, हे मला तो विकणाऱ्या, रंगाच्या दुकानात आयुष्य काढलेल्या माणसाला माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. जुन्या रंगावर मारता येईल का, असे मी दोनदा विचारले होते. दोन्ही वेळा त्याने मोबाइलमधून डोके न काढता गुजरातीत ‘चालशे’, म्हणजे ‘चालेल’, म्हटले. थिनरची चिंधी कोपऱ्यावर मिनिटभर दाबून पाहा, रंग सुटला तर आधी तो उतरवा, एवढे सांगायला त्याचे काय जात होते?

सगळा रंग पत्र्यापर्यंत उतरवायला मला अख्खा आठवडा लागला. (नखांतली लाल भुकटी अजून गेलेली नाही.) दुसऱ्या रविवारी भाड्याने आणलेल्या कॉम्प्रेसरने प्रायमरबरोबर पाण्याचे थेंब थुंकायला सुरुवात केली. टाकीच्या तळाची तोटी उघडली, तेव्हा तांब्याभर तांबूस पाणी निघाले. भाडे मोजून घेणाऱ्याने ते कधी काढलेच नव्हते. त्यात शेजारच्या काकांनी ‘ओघळ येतील, लांबून मार’ असा आग्रह धरला. सहा ते आठ इंचांवरून मारायचा प्रायमर मी त्यांच्या भिडेखातर दीड फुटावरून मारला, तो वाटेतच सुकला आणि पत्र्यावर नुसता रवा सांडल्यासारखा बसला. बडोद्याच्या श्रावणातल्या दमट हवेने उरलासुरला भाग पांढुरका करून टाकला, पण हवेला दोष देण्यात अर्थ नाही. ढग भरून आलेले मला दिसत होते.

काल त्याच दुकानात दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मागितला, तर हार्डनर संपले आहे, पण त्याशिवायही ‘चालशे’ असे उत्तर मिळाले. हार्डनर घातल्याशिवाय तो घट्ट होतच नाही, म्हणून मी डब्यावर छापलेल्या प्रमाणावर बोट ठेवले. त्याने चष्मा लावून ते सावकाश वाचले आणि डबा पुन्हा फळीवर ठेवून दिला.