जिन्याची सही

ऑफिसात सहीचं पॅड (काचेवर पेनने सही केली की ती थेट संगणकात जाते, ते) आलं तेव्हा मला सांगण्यात आलं, "काही नाही हो, फक्त यूएसबीला लावायचं." संगणकाच्या धंद्यात 'फक्त' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

लावलं. पॅडवरचा दिवा लागला. स्क्रीनवर उत्तर आलं : 'सही पॅड आढळले नाही.'

आढळणार कसं? काउंटरवर जो चपटा डबा आहे त्यात आमचा प्रोग्रॅम नसतोच. तो चालतो लांबच्या टर्मिनल सर्व्हरवर, डब्याकडे येतं ते नुसतं चित्र. (2009 साली या सोयीचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या टर्मिनल सर्व्हिसेसचं, बारसं होऊन 'रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस' झालं, शिव्या घालताना अजून जुनंच नाव येतं.) इकडून कीबोर्डची बटणं आणि माउसच्या हालचाली तिकडे जातात. पॅड मात्र तिकडच्या यूएसबीला नाही, म्हणून प्रोग्रॅमच्या लेखी ते नाहीच. काखेत कळसा असेल तर गावाला वळसा तरी घालता येतो. इथे गावच दुसरं.

"मग पॅड सर्व्हरलाच लावा की," साहेब म्हणाले.

"आणि लोकांनी सही करायला सर्व्हर रूममध्ये जायचं?" काउंटरवरच्या ताईंनी परस्पर निकाल लावला.

सपोर्टला फोन केला. "पॅड एचआयडी मोडमध्ये आहे की व्हर्च्युअल कॉम?" पलीकडून प्रश्न आला. मी म्हटलं, "टेबलावर आहे." तो हसला नाही. एचआयडी म्हणजे कीबोर्ड-माउसच्या जातीचं. व्हर्च्युअल कॉम म्हणजे यूएसबीचं असूनही जुन्या सीरियल पोर्टचं सोंग घेणारं. सोंगाचा फायदा असा, की सीरियल, म्हणजेच कॉम पोर्ट रिमोट डेस्कटॉपमधून पलीकडे पाठवता येतो. 'लोकल रिसोर्सेस'मध्ये जाऊन 'पोर्ट्स'वर टिक करायची, बस्स. आमचं पॅड अर्थातच सोंग न घेणारं निघालं.

मग आख्खं यूएसबीच पलीकडे पाठवायचं ठरलं. त्यासाठी ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजच्या नियमांच्या यादीत, परवानगी द्यायची, मशीन रीस्टार्ट करायचं आणि पॅड इकडून गायब होऊन तिकडे प्रकट होण्याची वाट पाहायची. झालं प्रकट! मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

पहिले आले एक आजोबा. त्यांनी झोकात सही केली. पॅड कोरंच. पॅड सेकंदाला शेकड्यांनी बिंदू पाठवतं. ते सर्व्हरपर्यंत जाणार, तिथला प्रोग्रॅम रेघ काढणार, मग ती रेघ परत पॅडच्या काचेवर येणार. आजोबांना हे कोण सांगणार? पेन चालत नाही असं समजून त्यांनी ते झटकलं, आणखी जोर देऊन पुन्हा सही केली, मग तिसऱ्यांदा. थोड्या वेळाने तिन्ही सह्या एकदमच अवतरल्या, एकीवर एक, आणि वळणांच्या जागी नुसत्या पायऱ्या. आजोबांनी चष्मा वर करून पाहिलं. "ही माझी?" ताई म्हणाल्या, "संगणकातून आली ना आजोबा, तशीच येते." आणि 'सेव्ह' दाबलं.

शेवटी उपाय सापडला तो व्हर्च्युअल चॅनेलचा, म्हणजे रिमोट डेस्कटॉपच्याच जोडणीतल्या खास वाटेचा. सॉफ्टवेअरचा एक तुकडा इकडे डब्यात, एक तिकडे सर्व्हरवर. रेघ इथल्या इथे उमटते आणि सही पुरी झाल्यावर तिचं गाठोडं पलीकडे जातं. यात माझे चार दिवस गेले. त्यातले तीन 64 बिटांच्या सर्व्हरवर 64 बिटांचाच ड्रायव्हर (पॅडशी बोलणारी फाइल) टाकण्याच्या शहाणपणात. आमचा प्रोग्रॅम 32 बिटांचा, त्याला 32 बिटांचीच फाइल लागते, हे चौथ्या दिवशी कळलं.

परवा तेच आजोबा पुन्हा आले. पेन टेकवताक्षणी रेघ उमटली. सही कशी झुळझुळीत, शेवटच्या फाट्यासकट. मी लांबून कौतुकाने बघत होतो. ताईंनी रेकॉर्डवरची सही उघडली, दोन्ही ताडून पाहिल्या आणि मान हलवली.

"आजोबा, सही जुळत नाहीये."

आजोबा जराही गडबडले नाहीत. पेन पुन्हा उचलत म्हणाले, "मग मागच्यासारखी जिन्याची करू का?"