पीएच पडला म्हणून बफर? तुमच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया झोंबली, म्हणून दोन दिवस थांबून लिहितोय. प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं: पीएच ७.८ पर्यंत पडला असताना ‘बफर (पीएच-केएच चढवायची पावडर) नको, आधी खिडकी उघडा’ असं नवख्यांना सांगणं बेजबाबदारपणाचं आहे; आणि टाकीच्या समुद्री मिठाच्या बादलीवर ११ डीकेएच (केएच म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, डीकेएच हे तिचं माप) छापलेलं असताना ७.५ धरून बसणं हा माझा हेका आहे.

पहिलं मला मान्य नाही. इथे न्यू जर्सीत जानेवारीत खिडक्या बंद, घरात चार माणसं, गॅसवर कुकर. हवेतला वाढलेला कार्बन डायऑक्साइड टाकीत उतरतो आणि पीएच पडतो. केएच मात्र असतो तिथेच राहतो. टाकीतलं पेलाभर पाणी बाल्कनीत नेऊन मी तासभर एअर पंपाने त्यात हवा सोडली, तर ७.८ चं ८.२ झालं. त्या पाण्यात बफर ओतला असता तर पीएच जरासा हलला असता आणि केएच मात्र चढत गेला असता. खायचा सोडा तर सुरुवातीला पीएच किंचित खालीच आणतो! मी फक्त स्किमरची (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढली.

काही घालायचंच असेल तर चुन्याची निवळी. शाळेत नळीने फुंकून ती दुधाळ केली होती, आठवतं? टाकीतही ती कार्बन डायऑक्साइडच गिळते, वर कॅल्शियम आणि केएच दोन्ही देते. पण तिचा पीएच १२ च्या वर, म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी, थेंबथेंब. (पानाच्या डबीतला चुना नको, प्लीज.)

आता ११ चं. समुद्रात केएच ७ च्या आसपास असतो, पण ११ वर सुखाने नांदणाऱ्या टाक्याही आहेत, हे मी लिहायला हवं होतं. माझी भीती आकड्याची नाही, उडीची आहे. ७.५ च्या टाकीत ११ च्या मिठाचं १० टक्के पाणी बदललंत तर ७.८५ होतं, त्याने काही बिघडत नाही. एकदम ४० टक्के बदललंत तर ८.९!

ही भीती कमावलेली आहे. १०० लिटरला १ डीकेएच चढवायला साधारण ३ ग्रॅम सोडा लागतो. माझी टाकी २०० लिटरची, हवा होता १ डीकेएच, म्हणजे ६ ग्रॅम. घाईत चहाच्या चमच्याऐवजी पोह्यांचा चमचा हाती आला, तोही शिगेचा. नंतर वजन केलं तर १५ ग्रॅम. म्हणजे एका दमात अडीच डीकेएच. तिसऱ्या दिवशी माझ्या फांदीदार प्रवाळाची, म्हणजे अ‍ॅक्रोपोराची कातडी बुडापासून सुटायला लागली, आठवड्यात नुसता पांढरा सांगाडा. तेव्हापासून सोडा काट्यावरच मोजतो.

‘०.३ डीकेएचचा फरक थेंबांच्या किटवर दिसतो तरी का?’ हा तुमचा टोमणा मात्र अगदी बरोबर लागला. एक थेंब म्हणजे १ डीकेएच असलेल्या किटवर तो दिसणारच नाही. ५ ऐवजी १० मिली पाणी घेतलं की एक थेंब अर्ध्याचा होतो, तरी ०.३ नाहीच. लेखातलं ०.३ चं वाक्य आज बदलतोय.

तुम्ही पीएच कधी मोजलात, ते लिहिलेलं नाही. पहाटे दिवे लागण्याआधीचा आणि संध्याकाळचा, दोन्ही आकडे आणि केएच कळवाल का?