कांदा, चप्पल आणि आपलं शहाणपण

आज नाशिकच्या निमाणी बसस्टँडवर एका पोराला फिट आली. बघता बघता रिंगण झालं. एकानं पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली, दुसऱ्यानं मुठीत किल्ल्या कोंबल्या, तिसरा दातांत चमचा घालायला निघाला. मी ओरडले, "तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा!" तर एक काका म्हणे, "ताई, आम्हाला शिकवू नका." माणसं धावतात तरी, हे मान्य. पण पाच मिनिटं झाली तरी थांबत नसेल तर १०८ लावायचा, हे एकालाही सुचू नये?

बरं, ही फिट निदान दिसते. माझ्या पुतणीची कुणाला दिसायचीच नाही. बोलता बोलता गप्प, नजर एका जागी, पापण्या फडफडणार, आणि काही सेकंदांत वाक्य पुढे चालू. श्रुतलेखनात मधलेच शब्द गायब. बाईंचा शेरा काय, तर 'लक्ष नसते'. बाकावर उभी केली हो तिला! आजारपणाची शिक्षा!

डॉक्टरांनी तिला कागदी भिंगरी दिली, फुंकत राहा म्हणाले. फुंकता फुंकता त्यांच्यासमोरच थांबली. ॲब्सेन्स सीझर, म्हणजे काही सेकंद भान हरपणारी फिट. ईईजीनं, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखानं, शिक्कामोर्तब केलं.

कुणी नुसते ओठ चाटत शर्टाची बटणं चाळत बसतं, हाक ऐकू येत नाही. ती फोकल, म्हणजे मेंदूच्या एका भागातून सुरू होणारी. कुणाचा सकाळी हात झटकन उडतो आणि चहा सांडतो. ती मायोक्लोनिक, म्हणजे झटक्याची. कुणी उभ्या उभ्या धपकन कोसळतं. आपण 'धांदरट' म्हणून मोकळे. आणि प्रकार कळल्याशिवाय गोळी ठरत नाही. फोकलला चालणाऱ्या कार्बामाझेपिननं ॲब्सेन्स उलट वाढू शकते. तरी आमच्याकडे एक मावशी आपल्या मिस्टरांच्या गोळ्यांची पट्टी घेऊन हजर! म्हणून सांगते, व्हिडिओ काढताच ना? स्टेटसला नको, पेशंटच्या घरच्यांना द्या. डॉक्टरांना त्याचा खरंच उपयोग होतो.

पुतणी आता बरी आहे. गोळी वेळेवर घेते, श्रुतलेखन पूर्ण लिहिते, माझ्याशी भांडतेही पूर्ण वाक्यांत. ते ऐकताना इतकं बरं वाटतं की मी मुद्दाम हरते.

फक्त त्याच मावशी परवा कानाशी लागल्या, "मुलीची जात, बाहेर बोलू नका, लग्नाला अडचण." हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची, म्हणजे याच फिटच्या आजाराची, अट १९९९ मध्येच निघाली, मावशी. आणि पोरगी तिसरीत आहे!