‘वेड्यांच्या हाती कायदा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

हिवाळी अधिवेशन तोंडावर आलं की नागपुरात मोर्चांसोबत मेसेजही फिरू लागतात. यंदाचा मेसेज ‘वेड्यांच्या हाती कायदा’ या मथळ्याचा. मानसिक आजार असलेल्यांना सरकारी मंडळांवर घेऊ नका, धोरण ठरवताना त्यांना विचारू नका, असं त्याचं म्हणणं. आमच्या घरच्या ग्रुपवर तो मामाजींनी टाकला. त्याच ग्रुपमध्ये माझी ताई आहे. बायपोलरच्या (मनःस्थिती टोकाची वर-खाली होण्याचा आजार) गोळ्या ती कित्येक वर्षं नियमाने घेते आणि शाळेत गणित शिकवते. तिनं मला एवढंच विचारलं, ‘तुम्हा सगळ्यांना असंच वाटतं का रे?’ म्हणून हे लिहितोय.

मेसेजचा पहिला मुद्दा: ‘आता न्यायाधीशाच्या शेजारी वेडे बसणार आणि निकाल देणार.’ हे लिहिणाऱ्यानं मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ उघडूनही पाहिलेला नाही. त्यातलं कलम ७४ वाचा. पुनरावलोकन मंडळावर (रुग्णांच्या तक्रारी आणि त्यांच्या भरतीबद्दलचे अर्ज ऐकणारं मंडळ) अध्यक्ष म्हणून जिल्हा न्यायाधीश, त्या पात्रतेचा न्यायिक अधिकारी किंवा निवृत्त जिल्हा न्यायाधीश. मग जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर. उरल्या दोन जागा. त्यासुद्धा एकट्या रुग्णांच्या नाहीत. काळजी घेणारे नातेवाईक, त्यांच्या संघटना, या क्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्था यांच्यातूनही त्या भरता येतात. म्हणजे एकही रुग्ण न घेता मंडळ पूर्ण होऊ शकतं, आणि ते कायद्याला धरूनच असेल. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर (कलम ४६) मानसिक आजार असलेल्या किंवा पूर्वी होऊन गेलेल्या व्यक्तींच्या प्रतिनिधींना वेगळ्या दोन जागा आहेत, पण तिथेही बाकीचं टेबल बहुतेक सचिव, अधिकारी आणि तज्ज्ञांनी भरलेलं असतं. एवढ्याशा जागेला ‘कायदा हाती गेला’ म्हणायचं?

सगळ्यांत जास्त घात करणारा मुद्दा मात्र दुसरा आहे, कारण तो मायेनं बोलल्यासारखा वाटतो: ‘घरचे आणि डॉक्टर आहेत ना त्यांच्या वतीनं बोलायला.’

६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. २८ माणसं मेली. साखळ्यांनी बांधलेली असल्यानं त्यांना पळता आलं नाही. त्यांना तिथे घरच्यांनीच ठेवलं होतं, बहुतेकांनी बरं व्हावं म्हणूनच. त्यांच्या वतीनं बोलणारे सगळे होते, साखळी काच करते हे सांगू शकणाऱ्याला कोणी विचारलं नव्हतं. आणि हे लांबचं, जुनं म्हणून सोडून देऊ नका. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला सांगावं लागलं, की मनोरुग्णालयांतल्या माणसांना भिक्षेकरी गृहांत हलवणं थांबवा. ज्यांना हलवलं, त्यांच्यापैकी एकाला जरी आधी विचारलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं?

या कायद्याचं कलम २० वाचताना मला ताईची फार आठवण आली. सक्तीनं डोकं भादरायचं नाही. हवे असतील तर स्वतःचे कपडे घालू द्यायचे. पाळीच्या दिवसांत बाईला स्वच्छतेचं सामान मिळालं पाहिजे. काम करून घेतलं तर मोबदला द्यायचा. या गोष्टींचं मोल वॉर्डात राहिलेल्या माणसाइतकं दुसऱ्या कोणाला कळतं? लिथियम या तिच्या औषधानं हात थरथरतो आणि फळ्यावर लिहिताना मुलं हसतात, हे ताईनं सांगेपर्यंत आम्हा घरच्यांनाही कळलं नव्हतं, आणि आम्ही तिच्यावर जीव लावणारी माणसं आहोत.

‘असे लोक हिंसक असतात.’ गंभीर मानसिक आजार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा ती सोसतात जास्त. ‘त्यांना मतदानाचाही हक्क नाही.’ साफ खोटं. सक्षम न्यायालयानं मनोविकल घोषित केलं असेल तरच मतदार यादीतून नाव जातं. नुसत्या निदानानं किंवा गोळ्या चालू असल्यानं जात नाही. ‘हे परदेशी खूळ आहे.’ कायदा आपल्या संसदेनं केलाय, बाप्पा.

‘झटक्यात असलेल्या माणसाला काय कळतं?’ यात अर्धं खरं आहे, ते मानतो. तीव्र अवस्थेत ताईला खरंच काही समजत नाही. अशा वेळी कायदाही हात बांधून बसत नाही. तातडीचे उपचार देता येतात, कलम ८९ खाली आधारासह भरतीही (स्वतः निर्णय घेता येत नसताना दुसऱ्याच्या मदतीनं रुग्णालयात दाखल करणं) करता येते. पण ती अवस्था ओसरते. ताई स्वतःच म्हणते, ‘तेव्हा माझं ऐकू नका, पण बरी झाल्यावर मला विचारा की काय केलेलं चाललं आणि काय नाही.’ बरं असताना पूर्वनिर्देश, म्हणजे आजारपणात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे, लिहून ठेवायची सोय कलम ५ मध्ये याचसाठी आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं आजारपणाचे काही आठवडे धरले आणि माणसाचं उरलेलं सगळं आयुष्य सोडून दिलं.

आणखी एक आक्षेप मेसेजमध्ये नाही, पण असायला हवा होता. मंडळावर रुग्णाला घेतलंच, तर बोलकी, शिकलेली, शहरातली माणसं घेतली जाण्याची भीती आहे. गडचिरोलीहून औषधासाठी नागपूरला येणारी, दिवसाची मजुरी बुडवून ओपीडीच्या रांगेत बसणारी बाई तिथे पोचेल का? उपचार राहत्या जागेजवळ मिळावेत, दूर जावं लागू नये, असं कायदा म्हणतो. ते ‘दूर’ किती असतं, हे तिच्याकडूनच ऐकायला हवं.

म्हणून अधिवेशनात कोणी हा विषय काढणार असेल, तर मागणी नेमकी करा. प्रत्येक पुनरावलोकन मंडळावरच्या त्या दोनपैकी किमान एक जागा स्वतः आजार अनुभवलेल्या व्यक्तीला द्या. कागदपत्रं मराठीत द्या, येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी द्या. आणि बैठक सकाळी लवकर ठेवू नका, रात्रीच्या गोळ्यांची गुंगी अनेकांची सकाळी लवकर उतरत नाही.